लावलं असेल

बाबांच्या बोलण्यात ‘असेल’ नेमकं कधी शिरलं हे धाकटीला सांगता आलं नसतं, पण शिरलं होतं खरं. पूर्वी ते “गॅस बंद केला” म्हणत. आता म्हणत, “गॅस बंद केला असेल.” गोळी घेतलीत का विचारलं तर “घेतली असेल.” जन्मभर लिफ्ट तपासायची नोकरी केलेला माणूस हा. ते एकदा “चालेल” म्हणाले की त्या लिफ्टमध्ये लोक निर्धास्त चढायचे. त्याच माणसाला आता स्वतःच्या हातून झालेल्या कामाची खात्री वाटेनाशी झाली होती.

सुरुवात गाडीपासून झाली. बाबा संध्याकाळी गाडी घरासमोरच्या फुटपाथला लावून, कुलूप घालून वर येत. सकाळी शेजारच्या इमारतीतून दादा कामाला निघे, जाता जाता चारही दारांच्या कड्या ओढून बघे, आणि फुटपाथकडचं मागचं दार तेवढं उघडे. रोज नाही. एखादा आठवडा सगळं ठीक असे, आणि दादा विसरून जाईल असं वाटत असतानाच दार पुन्हा उघडं सापडे.

दादा विमा कंपनीत आहे. नुकसान व्हायच्या आधीच त्याला ते दिसतं, हा त्याच्या नोकरीतला गुण आणि स्वभावातला दोष.

“आज गाडी उघडी, उद्या गॅस उघडा,” तो धाकटीला फोनवर म्हणाला. “रविवारी मी किल्ली काढून घेणार आहे. आणि बाबांना माझ्याकडे राहायला नेणार.”

“अरे, पण आत्याला कोण नेणार?”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी बाबा तिला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेत. पाय लांब करता यावा म्हणून ती मागे, फुटपाथच्या बाजूला बसे, आणि उतरताना दार असं आदळे की समोरच्या दुकानातले लोक वळून बघत. या फेऱ्या बंद झाल्या तर आत्याचा गुडघा आखडेल हे खरंच होतं, पण बाबाही आखडतील, हे धाकटीला त्याहून स्पष्ट दिसत होतं.

“टॅक्सी आहे की,” दादा म्हणाला. “आणि आता चौकशा पुरे.”

लहानपणापासून घरात तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणत. घड्याळ का थांबलं, शिट्टी का वाजते, एकदा विचारायला लागली की समोरचा हात टेकेपर्यंत थांबायची नाही. मोठी होऊन ती लोकांचे कान तपासायला लागली. तिथे पगार घेऊन दिवसभर प्रश्न विचारता येतात. चौकशा पुरे म्हटल्याने तिच्या चौकशा आजवर कधी थांबलेल्या नव्हत्या. उलट दादाच्या त्या वाक्याने तिच्या मनात पाल चुकचुकली. विसरभोळा माणूस एखाद्या दिवशी चारही दारं उघडी टाकेल. हा माणूस नेहमी एकच दार कसा विसरतो?

शनिवारी सकाळी ती हजर झाली. दादाही आला, कारण आपण नसताना काही सिद्ध होऊन बसेल अशी त्याला धास्ती. त्याने किल्लीचं बटण दाबलं. ठक्. चारही दारं बंद. ओढून पाहिली, बंद. पुन्हा उघडली, पुन्हा बटण दाबलं. ठक्. धाकटीने दार हळू लावून पाहिलं, आत्यासारखं आदळून पाहिलं, काच खाली घेऊन पाहिलं. दर वेळी कुलूप शहाण्या मुलासारखं लागलं.

“पटलं?” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

बाबा पायरीवर उभे होते. “दार लावायचं राहून जात असेल माझ्याकडून,” ते म्हणाले आणि चहाचा कप विसळायला वर निघून गेले. दादाही गेला. धाकटीला इतका राग आला की तिने गाडीच्या चाकाला लाथ मारली. लागलं तिलाच.

लंगडत ती मागच्या सीटवर जाऊन बसली, आत्याच्या जागेवर. काचेला आत्याने उन्हासाठी जाळीचा पडदा चिकटवला होता. त्याच्यामागे कुलपाची छोटी काळी खुंटी होती. कुलूप लागलं की ती खाली जाते, उघडलं की वर येते. पडद्यामुळे बाहेरून कुणाच्या नजरेला पडणं शक्यच नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, की आपण आणि दादाने कुलूप तपासलं ते आपल्या पद्धतीने. बाबांच्या पद्धतीने कुठे तपासलंय?

तिने हाक मारून त्यांना खाली बोलावलं. “बाबा, मी आत बसते. तुम्ही रोज लावता तशी गाडी लावा. अगदी रोजच्यासारखी, बरं का.”

“तुला आत कोंडून?”

“कोंडा.”

बाबांनी दार लावलं, बटण दाबलं. ठक्. खुंटी खाली गेली. त्यांनी पुढच्या दाराची कडी ओढून पाहिली आणि पायऱ्यांकडे निघाले. झालं, असं म्हणून धाकटी हलणार, तेवढ्यात बाबा पायरीवर थांबले, मागे वळले, हात लांब केला आणि पुन्हा बटण दाबलं.

ठक्. आणि त्याच्या शेपटीला एक बारीक टिक.

तिच्या कोपराजवळची खुंटी वर आली.

धाकटीने आतली कडी ओढली. दार ढकललं. ते उघडलं. ती बाहेर आली ती हसतच, आणि समोर बाबांचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. त्यांना एवढंच दिसलं होतं, की आत्ता, पोरीच्या डोळ्यांदेखत कुलूप लावलं आणि दार उघडं निघालं.

“मी... दाबलं होतं ना गं?”

“दाबलंत! दोनदा दाबलंत, बाबा! दोनदा का दाबता?”

“दोनदाच दाबायचं असतं,” बाबा जरा चिडून म्हणाले. “लिफ्टचा ब्रेक आम्ही दोनदा तपासायचो. पहिल्यांदा लागतो का बघायला. दुसऱ्यांदा लागलेला राहतो का बघायला.”

“आणि हल्ली?”

बाबा घुटमळले. “हल्ली झोपताना खिडकीतूनही दाबतो. दादा बोलायला लागल्यापासून. कधी एकदा, कधी आणखी एकदा. खात्री नको?”

धाकटीने कपाळाला हात लावला. पहिल्या दाबाला कुलूप लागत होतं. दुसऱ्याला त्या एका दाराचं सुटत होतं. तिसऱ्याला बहुधा पुन्हा लागत होतं. दादा जितका संशय घेई तितके बाबा जास्त वेळा दाबत, आणि सकाळी दार बंद सापडायचं की उघडं, हे बाबांनी रात्री किती वेळा खात्री केली यावर ठरत होतं.

“आणि ती टिक? ती ऐकू येत नाही तुम्हाला?”

“कसली टिक?”

तिने बाबांचे कान स्वतः तपासले होते. जाड आवाज त्यांना नीट ऐकू येत. बारीक आवाज गेले होते. कानाच्या यंत्राचं नाव काढलं की ते खोलीतून उठून जात. तो विषय तिने आज काढला नाही, पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला.

सुट्या भागांच्या दुकानात गाडीचं मॉडेल सांगून तिने मागच्या डाव्या दाराचं कुलूप मागितलं. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. “गाडीत बसून डावं, की गाडीसमोर उभं राहून डावं?”

धाकटीने दुकानातच त्याच्याकडे पाठ केली, मनातल्या मनात गाडीत बसली आणि डावा हात वर केला.

“असं करणारी गिऱ्हाइकं परत बदलायला येत नाहीत,” म्हणत त्याने खोकं काढलं.

रविवारी दुपारी दादा आला तो किल्ली घ्यायला. बघतो तर दाराचं आतलं आवरण सुटून पायरीला टेकवलेलं, बाबा फुटपाथवर पाट टाकून बसलेले आणि धाकटीचा दंडापर्यंत हात दाराच्या पोटात.

“हे काय चाललंय?”

“बॅटरी धर,” बाबा म्हणाले. “इकडे उजेड पाड. माझ्या डोळ्यात नको.”

दादाने बॅटरी धरली. बाबांनी ‘धर’ म्हटल्यावर धरायची, ही सवय तिशी उलटली तरी गेलेली नव्हती. धाकटीने त्याला दोन दाबांची सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत होता आणि उजेड हळूहळू दारावरून घसरून बाबांच्या चपलांवर आला होता.

“उजेड,” बाबा म्हणाले.

काच वर करून तिला चिकटपट्टी लावलेली होती. दाराच्या कडेचे तीन स्क्रू निघाले, कडीकडे जाणाऱ्या बारीक सळ्या सुटल्या, वायरचा जोड निघाला, आणि मुठीएवढं काळं कुलूप धाकटीच्या हातात आलं. आता नवं बसवून मोकळं व्हायचं. पण चौकशी खिडकी कसली ऐकते!

“बाबा, हे उघडू या?”

“टाकून द्यायचंय ना ते?” दादा म्हणाला.

“म्हणूनच तर.”

बाबांनी कधीच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. झाकण उडालं. आत एक छोटी मोटर, एक स्प्रिंग आणि एक पांढरं प्लॅस्टिकचं दातेरी चाक. बाबांनी चाक उजेडात धरलं. एका बाजूला केसासारखी चीर होती आणि तिच्याजवळचे दोन दात झिजलेले होते.

“हे बघ,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम नोकरीतला झाला. “पहिल्यांदा दाबलं की चाक फिरतं, कुलूप लागतं. दुसऱ्यांदा फिरायला जागाच नसते, तरी मोटर रेटते. चीर फाकते, दात सटकतो, आणि स्प्रिंग सगळं उलटं फेकते. तीच हिची टिक. आक्कानं दार आदळून आदळून चाक फोडलं.”

त्यांनी एकही ‘असेल’ वापरलं नव्हतं. धाकटीने लक्षातच न आल्यासारखं नवं कुलूप खोक्यातून काढलं. उगाच टोकलं तर पुन्हा सुरू व्हायचं.

नवं कुलूप बसलं, सळ्या अडकल्या, वायर जोडली. आवरण चढवण्याआधी तपासायचं म्हणून धाकटीने दार उघडंच ठेवून कुलपाची जीभ, दार लागल्यावर मिटते तशी, स्क्रूड्रायव्हरने मिटवली. दादाने बटण दाबलं, खुंटी खाली. पुन्हा दाबलं, खालीच. उघडायचं बटण दाबलं, वर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, लहानपणी फुटलेली बरणी जोडल्यावर पाहत तसं.

“चला, लावून बघू,” म्हणत दादाने दार जोरात ढकललं.

“थांब!”

बाबांचा हात मधे आला. दार त्यांच्या तळव्यावर आदळलं.

“जीभ मिटलेलीच आहे. कडी ओढून आधी ती सोडव. मिटलेल्या जिभेवर दार आपटलंस तर नवं कुलूप मोडशील.” तळवा चोळत ते पुढे म्हणाले, “दोघांच्याही लक्षात राहिलं नाही?”

दादाने कडी ओढली. जीभ उघडली. मग त्याने दार असं लावलं की आवाजसुद्धा झाला नाही.

“बाबा, हाताला लागलं?” त्याने विचारलं.

“हाताला नाही,” बाबा म्हणाले.

दादाचं तोंड उतरलं. तो काहीतरी बोलायला गेला, पण त्याला एवढंच जमलं, “मला वाटलं, तुम्हाला काही झालं तर. मला भीती वाटत होती.”

“मलाही,” बाबा म्हणाले. “तुझ्याहून जास्त. रात्री गादीवर पडून वाटायचं, हा म्हणतो तेच खरं. मग उठून खिडकीशी जायचो आणि पुन्हा दाबायचो.”

आवरण चढलं, हत्यारं पेटीत गेली. बाबांनी बटण दाबलं. ठक्. पुढची कडी ओढून पाहिली, पायऱ्यांपर्यंत गेले, थांबले, वळले. हात वर झाला आणि तिथेच राहिला. त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

“दाबा ना,” दादाच म्हणाला. “लागलेलं राहतं का ते बघायला नको?”

ठक्. धाकटीने कान देऊन ऐकलं. शेपटीला काही नव्हतं. दादाने मागची कडी ओढली, दार जागचं हललं नाही.

तिघांना आत्याकडे जायचं होतं, चालतच, दोन गल्ल्या पलीकडे. दादाने पाट उचलून जिन्याखाली ठेवला आणि सवयीने वर पाहिलं.

“बाबा, घराला कुलूप लावलंत?”

“लावलं.”

धाकटी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तो आला नाही. दादाचा एक पाय पहिल्या पायरीवर गेलेला होता. तो त्याने खाली घेतला.

“चला मग,” तो म्हणाला, “आत्या वाट बघत असेल.”

“बघतेय,” बाबा म्हणाले आणि पुढे चालू लागले.