जबाबदार पुरुष नातेवाईक

लहबीबने ‘तंबू’ या शब्दावर रेघ मारली आणि स्वागताच्या परवानगीचा कागद सल्काकडे वळवला.

“तंबू नाही, अम्मा. गच्चीवरसुद्धा नाही. इथे एल-आयूनमध्ये आपल्या सहरावींचा तंबू दिसला की सरकारी साहेबांच्या पोटात गोळा येतो.”

“लग्नाला चालतो. सुटून येणाऱ्या पोराला नाही?”

“तंबू ठोकूनच तर आत गेला ना तो.”

अकरा वर्षं. वाळवंटात तंबू टाकून हक्क मागणाऱ्यांत तिचा एम्बारेक होता. गुरुवारी सुटणार होता, दूर उत्तरेतल्या तुरुंगातून.

घोषणा : होणार नाहीत.
झेंडा : नाही.
पाहुणे : फक्त घरचे.

“आणि रडणार नाहीत, तेही लिही रे, लहबीब!” आतून देग्जा ओरडली. एम्बारेकची बहीण.

लहबीब हसला नाही. तो या गल्लीचा मुकद्दम. कुणाकडे कोण आलं, कोण गेलं, ते वर कळवणं हे त्याचं काम.

जबाबदार पुरुष नातेवाईक :

इथे पेन थांबलं.

“सही लागते. एम्बारेकने काही केलं, तर आधी सही करणाऱ्याला उचलतात. सहीच नसेल तर त्याला शहरात शिरू देणार नाहीत. तिकडेच ठेवतील.”

सल्काचा नवरा गेलेला. दोघे भाऊ वाळूच्या तटबंदीपलीकडे, निर्वासितांच्या छावणीत. पंचेचाळीस वर्षं.

“तू कर.”

“मी?”

“तुझी आई तापाने फणफणली होती, तेव्हा दोघांना एकदमच पाजलं मी. एक इकडे, एक तिकडे. भाऊच तू त्याचा.”

“दुधाचं नातं सरकार धरत नाही, अम्मा.”

“देग्जाशी लग्न करायचं होतं तेव्हा? दोनच दिवस पाजलंय, ते धरू नका, म्हणून काझीकडे रडत गेलास. काय म्हणाला काझी?”

लहबीबने पेनाचं टोपण लावलं. परत काढलं.

“काय म्हणाला?”

“एक घोटही पुरे. बहीणच ती.”

“मग?”

“मला तीन मुली आहेत, अम्मा.”

“मला दोन मुलगे.”

गल्लीतून एक मोटार गेली. ती पार लांब जाईपर्यंत दोघं ऐकत राहिली.

जबाबदार पुरुष नातेवाईक : नाही.

अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

देग्जा चहाचे पेले घेऊन बाहेर आली. नुकतेच धुतलेले केस पाठीवर मोकळे. भावासमोर कसला आलाय पडदा. पेले ठेवायला ती वाकली आणि कागद तिला वाचता आला. शाई ओली होती.

ती सरळ झाली. अंगभर गुंडाळलेल्या मेल्हफेचा खांद्यावरून घसरलेला पदर तिने वर ओढला. आधी केस झाकले. मग कपाळ. मग तोंड. नुसते डोळे उरले, तेही तिने खाली घातले.

“चहा घ्या,” ती लहबीबला म्हणाली.