बाबांच्या तोंडावरचं फडकं

गोठ्यासमोर इतकी माणसं जमली होती की म्हशींना पाण्यावर न्यायला वाट उरली नव्हती. फुंकरबाबांनी पेंढ्याचा एक गठ्ठा मधोमध ठेवला, तोंडावर चौपदरी फडकं घट्ट बांधलं आणि दोन्ही हात वर केले.

"मंत्र तोंडातून सांडू नये, म्हणून हे फडकं. कुणाकडे विस्तव आहे? काडीपेटी? नाही ना? मग बघा!"

त्यांनी गठ्ठ्यावर थाप मारली. थंडगार पेंढ्यातून भसकन करडा धूर निघाला. ना आग, ना ठिणगी. गर्दी एक पाऊल मागे सरली आणि लगेच दोन पावलं पुढे आली.

"निघाली! बाधा निघाली!" बाबा फडक्याआडून ओरडले. "आता ती आली कुणाच्या छातीतून, ते घरातल्यांनी सांगावं. पहाटे म्हशींच्याही आधी कोण खोकतं?"

सासूबाई सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. अठरा म्हशींचा हा गोठा त्यांनी तीस वर्षं एकहाती सांभाळला होता आणि गेला महिनाभर अख्खा गोठा खोकत होता. नाकातून चिकट पाणी, चारा तसाच पडलेला, दूध निम्म्यावर. त्यांनी क्षणभर विचार केला. क्षणभरच केला, घोटाळा तिथेच झाला. पहाटे म्हशींच्या आधी खोकायची ती त्यांची सून.

"आई, मी पेंढा सोडते तेव्हाच मला खोकला येतो," सून म्हणाली. "कुबट वास येतोय त्याला. डॉक्टरांना बोलवा, मी कधीची सांगतेय."

"ऐकलंत?" बाबा गर्दीकडे वळले. "ही नाही बोलत, हिच्या आतली बाधा बोलतेय. बाधेला डॉक्टर फार आवडतात. सुईनं तिला गुदगुल्या होतात."

बाबांचं हे एक बरं होतं. गप्प राहिलं तरी बाधा आणि तोंड उघडलं तरी बाधाच. त्यांनी निकाल दिला. सुनेनं माहेरी जावं आणि गोठ्यात डॉक्टरचं पाऊल पडू नये. किती दिवस, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "ते बाधेवर आहे." मुलगा गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं. सुनेनं टिकलीच्या, म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या आपल्या लाडक्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुपारच्या गाडीनं ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून पेंढा सोडायचं काम सासूबाईंकडे आलं. चौथ्या दिवशी त्या खोकल्या.

"आई, खोकलीस का?" मुलानं बाहेरून विचारलं.

"म्हैस होती," सासूबाई म्हणाल्या.

पण रोज तेच होऊ लागलं. गठ्ठा सोडला की खोकल्याची उबळ यायची, मोकळ्या हवेत आलं की बरं वाटायचं. बाबांच्या न्यायानं बाधा आता सासूबाईंच्या छातीत होती. म्हणजे त्यांनीही माहेरी जायला हवं होतं आणि साठी ओलांडलेल्या बाईला माहेर उरलं होतं कुठे? या विचारासरशी त्यांना सुनेचा चेहरा आठवला. ती पोर खरं बोलत होती आणि आपण चार लोकांसमोर तिला घराबाहेर काढलं. रुमालानं तोंड दाबून त्या तिथेच गव्हाणीवर टेकल्या. मग हातातल्या रुमालाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

आठव्या दिवशी टिकली बसली ती उठेना. अंग तापलं होतं, श्वास घेताना बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. सासूबाईंनी बाबांना निरोप धाडला आणि गुरांच्या डॉक्टरबाईंनाही. दोघांना वेळ एकच दिली.

पुन्हा गर्दी जमली. डॉक्टरबाई थेट आत टिकलीपाशी गेल्या. बाहेर बाबांनी गठ्ठा मांडला आणि खिशातून फडकं काढलं.

"आज फडकं नको, बाबा," सासूबाई म्हणाल्या.

"मंत्र सांडेल."

"सांडू दे. मी झाडून घेईन."

कुणीतरी खुदकन हसलं. बाबांनी गठ्ठ्यावर हळूच टिचकी मारल्यासारखं केलं.

"त्या दिवशीसारखी मारा. जोरात."

सगळे बघत होते. बाबांनी थाप मारली, धूर सरळ नाकातोंडात गेला आणि ते असे काही खोकले की डोळ्यांतून धारा लागल्या.

"आता यांना कुठे धाडायचं?" सासूबाईंनी गर्दीला विचारलं.

तोवर टिकलीला इंजेक्शन देऊन डॉक्टरबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी गठ्ठा फोडून दाखवला. आत पांढऱ्या-करड्या बुरशीचे थर होते. "हा धूर नाही, बुरशीची पूड आहे. ओला पेंढा झाकून ठेवला की ती धरते. श्वासावाटे छातीत जाते, माणसाच्याही आणि म्हशीच्याही. छाती अशी दुखावली की जिवाणूंचं फावतं. टिकलीला त्यातूनच न्यूमोनिया झालाय. जिवाणूंवर माझं औषध चालेल. पण हा पेंढा बाहेर आणि हवा आत आली नाही, तर उद्या दुसरी म्हैस बसेल." मग त्यांनी बाजूचा कोरडा गठ्ठा पुढे ओढला. गर्दीतल्या एका शेजाऱ्यानं त्यावर चांगली सणसणीत थाप मारली. धूर नाही की काही नाही. "जनावर खोकलं तर चारा हुंगून बघा, खिडक्या उघडा, मला बोलवा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्यानं तोंड का झाकलंय ते आधी विचारा."

"पण ओला पेंढा झाकला कुणी?" मागून प्रश्न आला.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "छप्पर गळलं, पेंढा भिजला. वाया जाऊ नये म्हणून ताडपत्री मीच ओढली. म्हशींना गारवा लागू नये म्हणून खिडक्यांना पोती मीच ठोकली. बाधा म्हणायचीच, तर ती मी होते."

त्या गडबडीत बाबा सटकले. फडकं मात्र राहिलं. तेच तोंडाला बांधून सासूबाईंनी खराब गठ्ठे बाहेर ओढले आणि मुलानं, कुणी न सांगता, खिडक्यांवरची पोती उखडली.

चौथ्या दिवशी त्या सुनेच्या माहेरी गेल्या. दार उघडायच्या आधीच सुनेला खोकला ऐकू आला.

"आई, तुम्हालाही?"

"मलाही. पेंढ्याचाच. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. चुकले मी."

सुनेनं विचारलं, "टिकली?"

"काल उठली. चारा खाल्ला."

सून आत गेली. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या, बसा म्हणायलाही कुणी आलं नाही. बऱ्याच वेळानं सून पिशवी घेऊन बाहेर आली.

"चला. पण यापुढे डॉक्टरांना मी बोलावणार. विचारणार नाही."

"नको विचारूस," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.