सुरुचीचं भाषण

आठवीतल्या पोरांना काळे झगे घालायचे, डोक्यावर चौकोनी टोप्या ठेवायच्या आणि त्याला पदवीदान म्हणायचं, हे खूळ फुलपाड्याच्या त्या शाळेत कुणी आणलं देव जाणे! एप्रिलचा उकाडा, हॉलचे पंखे फिरायचे म्हणून फिरतायत, आणि पोरं झग्यात उकडून निघतायत. विनिताला मात्र त्याचं काही नव्हतं. तिला एकच काम होतं, जागं राहायचं.

कामणच्या गोदामात रात्रभर उभ्याने खोकी भरून ती थेट इथे आली होती. घरी जाऊन पाठ टेकली असती तर मेल्यासारखी झोपली असती. आणि आज झोपून चालणार नव्हतं. तिची सुरुची भाषण करणार होती. महिनाभर पोरीने ते पाठ केलं, पण आईला एक ओळ ऐकवली नाही. "तिथेच ऐक," म्हणायची.

घरात दोघीच. नवऱ्याचं विचारू नका. शाळा दुपारची, त्यामुळे रात्रपाळीहून आल्यावर विनिता लेकीच्या वेण्या घालायची आणि तेवढ्यात दोघींचं सगळं बोलून व्हायचं. कोण कुणाशी भांडलं, कुणाला बाई ओरडल्या, सगळं. जूनपासून हायस्कूल, आणि ते सकाळचं. आई यायच्या आत पोरगी बाहेर, पोरगी येईल तेव्हा आई झोपलेली. म्हणजे वेण्या घालतानाचं ते बोलणं गेलंच. आजचं भाषण तरी शब्दन्‌शब्द ऐकायचं, असं तिने ठरवलं होतं.

तिने मांडीला चिमटे काढले. बाटलीतलं पाणी डोळ्यांना लावलं. मग संस्थेचे अध्यक्ष आत्मारामभाऊ उठले आणि म्हणाले, "मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही." असं कुणी म्हणालं की समजावं, गेला अर्धा दिवस! विनिताची मान कधी कलली, तिचं तिलाच कळलं नाही.

टाळ्यांनी ती दचकून जागी झाली. स्टेजवर सगळी पोरं रांगेत, आणि पुढे सुरुची. विनिताने हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई तिच्याकडे बघतच राहिली.

"ऐकलंस?" बाहेर आल्यावर सुरुचीने विचारलं.

"ऐकलं म्हणजे काय! किती छान बोललीस गं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

सुरुचीने टोपी काढली. "आई, मी बोललेच नाही."

"म्हणजे?" विनिताने विचारलं.

"माझं नाव पुकारलं तेव्हा तू झोपली होतीस. तोंड उघडं टाकून. मी आशालताबाईंना म्हटलं, मला शेवटी घ्या, तोवर उठेल. पण मग हळदवाले आले. संध्याकाळी कुणाची तरी हळद आहे ना इथे. बाई म्हणाल्या, राहू दे आता."

"अगं, मला उठवायचं! कुणाला तरी सांगायचं, हलवा तिला म्हणून!"

"रात्रभर उभी होतीस ना तू."

विनिताला स्वतःची इतकी लाज वाटली की काही विचारू नका. खोटं बोलली ते बोलली, वर डोळ्यांत पाणीही आणलं! तिने लेकीचं मनगट धरलं आणि तिला तशीच परत आत नेलं. आत मंडपवाले खुर्च्या उचलून बाजूला रचत होते.

"दादा, जरा थांबा. माझ्या मुलीचं भाषण राहिलंय." मग सुरुचीला म्हणाली, "चढ वर. बोल."

सुरुची लाजली, पण चढली. टोपी परत डोक्यावर ठेवली. विनिताने एक खुर्ची ओढली.

"बसू नकोस हं, आई. बसलीस की झोपशील."

विनिताने खुर्ची मंडपवाल्याला देऊन टाकली.

"सन्माननीय व्यासपीठ, गुरुजन आणि..." सुरुचीने रिकाम्या हॉलभर नजर फिरवली. "आणि आई. हायस्कूलमध्ये मला सगळं नवीन मिळणार आहे. पण शाळा सकाळची आहे. म्हणून मी या महिन्यात स्वतःच्या वेण्या घालायला शिकले. आईला सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं."

विनिताने आत्ता कुठे नीट पाहिलं. टोपीखालून आलेल्या दोन्ही वेण्या सरळ, घट्ट, रिबिनी बरोबर. आज त्या तिने घातल्या नव्हत्या, आणि हे सकाळपासून तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिला रडू आवरेना.

"आई, थांबू का?"

"थांबू नकोस," विनिता म्हणाली. "मोठ्याने बोल. मला सगळं ऐकायचंय."