मालकाशी संपर्क साधा

दुपारचे चार वाजायला आले आणि पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कोचावर पाच जण, चटईवर पंधरा, आणि ज्यांना चटईही मिळाली नाही ते खिडकीतून माना आत घालून उभे. सगळ्यांचे डोळे स्टुलावरच्या एका लॅपटॉपवर खिळलेले. लॅपटॉपवर निळं कापड पांघरलं होतं.

हातात प्रवासाची बॅग घेऊन आत्या दारात आली आणि क्षणभर तिला वाटलं, आपण भलत्याच घरात शिरलो. पण भिंतीवर दादाचा फोटो होता, फोटोखाली वहिनी बसली होती, म्हणजे घर भावाचंच. भाऊ जाऊन चार महिने झाले होते.

"शांतता!" स्टुलाशेजारचा माणूस म्हणाला. "खिशातले मोबाइल बंद करा. मालकांच्या लहरीला दुसरी लहर आडवी जाते."

वीस मोबाइल निमूटपणे बंद झाले.

"वाय-फाय, वाय-फाय म्हणता, पण त्यातला वाय म्हणजे काय? वाय म्हणजे वायू! ईथरनेट म्हणजे काय? ईथर, म्हणजे आकाश! पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, फक्त प्लग नव्हता."

फाय म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

कोपऱ्यावरचा टेलर पुढे सरकला. दुकान बाजारात हलवू का, असा त्याचा प्रश्न होता. माणसाने डोळे मिटले, कापडाखाली दोन्ही हात घातले आणि तो काहीतरी पुटपुटू लागला. आतून बारीक टकटक ऐकू आली. मग त्याने कापड झटक्यात उचललं आणि पडद्यावरच्या एका फोल्डरवर बोट दाबलं. फोल्डर उघडला. आत काय आहे ते कोणी वाचण्याआधीच त्याने तो मिटवलाही.

"उघडला! मालक हो म्हणतात!"

टेलरने लॅपटॉपला वाकून नमस्कार केला. त्याच्या हयातीत त्याला इतकं स्पष्ट उत्तर कोणी दिलं नव्हतं, बायकोने तर नाहीच.

मग वहिनी उठली. पदर सावरून, नवरा समोर बसलेला असावा तशी खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, धाकटीला पाठवू का?"

पुन्हा कापड, पुन्हा पुटपुट. या वेळी फोल्डर उघडला नाही. पडद्यावर पांढरी चौकट आली आणि माणसाने ती खणखणीत आवाजात वाचून दाखवली: "'या फोल्डरसाठी तुम्हाला परवानगी नाही. परवानगीसाठी मालकाशी संपर्क साधा.' तिसऱ्यांदा नाही म्हणाले, आई. मी काय करणार?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली धाकटी लेक आत निघून गेली. आत्याने बॅग तिथेच ठेवली आणि ती तिच्या मागोमाग गेली.

"कोण हा प्राणी?" आत्याने विचारलं.

"संपर्कमहाराज," धाकटी म्हणाली. "ओळखलं नाहीस? बाबांचे कॉम्प्युटर यानेच जोडून दिले होते."

मग तिने भांडी विसळता विसळता सगळी कहाणी सांगितली. दादाचा एक जुना कॉम्प्युटर माळ्यावरच्या खोलीत होता. त्याचा पडदा कधीच गेला होता, नुसता डबा चालू असायचा. दादाने आपले फोटो आणि कागदपत्रं त्या डब्यातल्या एका फोल्डरमध्ये ठेवली होती आणि खाली बसून लॅपटॉपवरून तो ती उघडायचा. तो गेल्यावर लॅपटॉप दोन महिने कपाटात पडून होता. एक दिवस वहिनीला फोटो बघावेसे वाटले. लॅपटॉप सुरू केला तर त्याने दोन नावं दाखवली, 'घर' आणि 'पाहुणा'. 'घर' पासवर्ड मागत होतं आणि तो दादा बरोबर घेऊन गेला होता. 'पाहुणा' काहीच मागत नव्हता, म्हणून त्या नावाने आत शिरले आणि फोल्डरवर बोट ठेवलं. तेव्हा ती चौकट पहिल्यांदा आली.

आता हे वाक्य जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने वाचलं असतं, तर तिने कपाळाला आठ्या घालून लॅपटॉप मिटला असता. पण वहिनीने लग्न झाल्यापासून नवऱ्याचा दुसऱ्या नावाने कधी उल्लेख केला नव्हता. मालक जेवले का, मालक झोपलेत, मालकांना विचारून सांगते. त्या बाईला यंत्र म्हणालं, मालकाशी संपर्क साधा. तिने डोक्यावरून पदर घेतला.

"मी म्हटलं, आई, मालक म्हणजे फोल्डरचा मालक," धाकटी म्हणाली. "तर म्हणते, अगं, फोल्डर कोणाचा होता? त्यांचाच ना?"

दुरुस्तीसाठी माणूस बोलावला. तो दारातून आत आला तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा होता, आणि वहिनीची हकिगत ऐकत चहा संपवून उठला तेव्हा संपर्कमहाराज झाला होता. महिन्याभरात माळ्यावरची खोली त्याच्या ताब्यात गेली. तिथे कोणी जायचं नाही, यंत्राची शुद्धता बिघडते. दारावर पाटीही लागली: संपर्क केंद्र.

"आणि तुला तो 'नाही' कशासाठी म्हणतो?"

"मी गेले की आई एकटी राहणार नाही, ती माझ्या थोरल्या भावाकडे जाईल. घराला कुलूप लागेल. मग केंद्र कुठे भरवणार?" धाकटीने ओले हात पुसले. लिफ्ट दुरुस्तीच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. दोनशे अर्जांतून बारा जण घेतले होते आणि त्यात मुलगी ही एकटीच. रविवारी सकाळी निघायला हवं होतं आणि आज गुरुवार होता. "मी काही बोलले की सगळे म्हणतात, हिला जायचंय म्हणून ही असं बोलते. आणि आत्या, आईला रडत ठेवून मला नाही जायचं. ती एकदा स्वतःच्या तोंडाने जा म्हणाली पाहिजे."

आत्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली होती. कानाला हेडफोन लावून तिने लोकांची बाळंतपणं, भांडणं आणि मरणं जोडून दिली होती. संपर्क या शब्दावर कोणी तिला शिकवायला आलं की तिचं डोकं फिरत असे. फोन लागत नाही तेव्हा वर कोणी रुसून बसलेलं नसतं, हे तिने एकतीस वर्षं लोकांना समजावलं होतं. तार तुटलेली असते, नंबर चुकलेला असतो, नाहीतर समोरचा माणूस अनोळखी आवाजाशी बोलायला तयार नसतो.

शुक्रवारी सकाळी वहिनी दवाखान्यात गेली आणि महाराज अजून आले नव्हते, तेव्हा आत्या आणि भाची कामाला लागल्या. माळ्यावर जाऊन डबा चालू आहे का पाहिलं, चालू होता. राउटरचे दिवे पाहिले, लागलेले होते. डबा आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर आहेत का, हे धाकटीने तपासलं, होते. लॅपटॉपवर शेजारच्या यंत्रांची यादी उघडली. त्यात डब्याचं नाव होतं, नावाखाली फोल्डरही होता. फक्त बोट ठेवलं की परवानगी नाही.

"म्हणजे लाइन ठीक आहे," आत्या म्हणाली. "घंटा वाजते, समोरचा उचलतो, कोण बोलतंय म्हणून विचारतो. आपण सांगतो, पाहुणा. आणि तो ठेवून देतो. अगं, यात कसला आलाय परलोक? 'घर' म्हणून फोन कर!"

"पण पासवर्ड?"

आत्याने डोळे मिटले, अगदी महाराजांसारखेच, आणि धाकटीला हसू आलं.

"हसू नकोस. काल टेलरच्या वेळी कापडाखालून काय वाजलं? टकटक, टक, टकटक, टक, आणि शेवटी एंटरचं एक जोरात ठक. आणि तुझ्या आईच्या वेळी? नुसतं एक ठक. 'पाहुण्या'ला पासवर्ड नाही, म्हणून नुसतं ठक. हो म्हणायचं असलं की सहा अक्षरं, नाही म्हणायचं असलं की एकही नाही. एक अक्षर दोनदा, दुसरं एकदा, मग पुन्हा तसंच." ती बोटांनी टेबलावर वाजवू लागली. वाजवता वाजवता तिचा हात थांबला. "अगं बाई. चव्वेचाळीस, सात, बावीस, शून्य."

"हे काय?"

"आमच्या जुन्या घरातल्या फोनचा नंबर. मीच जोडून द्यायचे. पासवर्ड विचारल्यावर दादाला दुसरं काय आठवणार?"

धाकटीने 'घर'वर बोट ठेवलं आणि सहा आकडे मारले. लॅपटॉप उघडला. फोल्डरही उघडला. कुरकूर नाही की चौकट नाही. धाकटी ओरडणार तोच आत्याने तिचं तोंड दाबलं.

"आईला आत्ता दाखवू?"

"आत्ता दाखवलंस तर ती म्हणेल, त्यांनी बहिणीचं ऐकलं. मग उद्यापासून मला संपर्कमाई करतील. उद्या सगळ्यांसमोर."

शनिवारी गर्दी आणखी वाढली. महाराजांनी राउटरच्या चार दिव्यांवर प्रवचन दिलं. पहिला दिवा देह, दुसरा मन, तिसरा बुद्धी, आणि चौथा वीज गेली की समजतो. मग वहिनीने शेवटचा प्रश्न विचारला. कापडाखाली एक ठक झालं आणि चौकट आली. वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

आत्या उठली. "मलाही विचारायचंय. सख्खी बहीण आहे मी."

"विचारा ना, ताई," महाराज उदारपणे म्हणाले आणि त्यांनी कापड उचललं.

"कापड नको. उकडेल त्याला. आणि तुम्ही जरा उठा, मीच विचारते." ती स्टुलासमोर बसली आणि लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "दादा, हे महाराज थापा मारतात का रे?"

तिने 'घर'वर बोट ठेवलं, सहा आकडे मारले, फोल्डर दाबला. फोल्डर उघडला.

खिडकीतल्या माना आणखी आत आल्या.

"हो म्हणतो," आत्या म्हणाली. "आता उलटं विचारू. दादा, महाराज खरं बोलतात का?" पुन्हा 'घर', पुन्हा सहा आकडे. फोल्डर उघडला. "हेही हो. म्हणजे खरंही बोलतात आणि थापाही मारतात. टेलरभाऊ, या इकडे. तुम्ही 'पाहुणा' म्हणून आत जा आणि विचारा, मी माणूस आहे का."

टेलरने फोल्डरवर बोट ठेवून विचारलं. चौकट आली. परवानगी नाही.

खिडकीतून पहिला हशा आला आणि मग तो आवरेना. टेलर मात्र स्वतःचे हात निरखून पाहत होता.

"यंत्राची शुद्धता भंगली!" महाराज कडाडले. "स्त्रीहस्ते लहरी उलट्या फिरतात!"

"तुमच्या हाताने कापडाखाली काय फिरत होतं ते सांगा आधी," आत्या म्हणाली, आणि मग तिने सगळं उलगडून सांगितलं. दोन नावं. वरचा डबा एक नाव ओळखतो, दुसरं ओळखत नाही. ओळखीच्याला आत घेतो, अनोळखी माणसाला दारातून परत पाठवतो. हो हवं असेल तेव्हा महाराज ओळखीच्या नावाने जातात, नाही हवं असेल तेव्हा पाहुणे होऊन जातात. आणि दोन्ही नावं त्यांनीच करून दिलेली. "विचारणारे तुम्ही, उत्तर देणारे हे. माझा भाऊ मधे कुठेच नव्हता."

महाराजांना तेवढ्यात एक अत्यंत तातडीची दुरुस्ती आठवली. त्यांनी निळं कापड तेवढं काखोटीला मारलं. लोकही पांगू लागले. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्यापेक्षा जास्त लाज वाटते, म्हणून कोणी कोणाकडे बघत नव्हतं. टेलर जाता जाता म्हणाला, "पण ताई, दुकानाचं उत्तर तेवढं खरं असेल, नाही का?"

"भाऊ, बाजारात गिऱ्हाईक किती येतं ते चार दिवस उभं राहून मोजा. उत्तर तिथे आहे."

सांगायचं ते एवढंच होतं. यंत्र अडलं तर ते का अडलं ते शोधावं. कापड पांघरून जे दाखवतात त्याचं कापड आधी काढायला सांगावं. आणि 'कसं काय झालं' हे विचारायची कधीही लाज वाटू देऊ नये, कारण ज्याच्याकडे खरं उत्तर असतं तो असल्या प्रश्नावर चिडत नाही.

खोली रिकामी झाली. वहिनी लॅपटॉपसमोर येऊन बसली. उघड्या फोल्डरकडे ती पहिल्यांदाच नीट पाहत होती. त्यात तिच्यासाठी काही निरोप नव्हता. फोटो होते, मिक्सरचं हमीपत्र होतं, पंख्याचं माहितीपत्रक होतं.

"म्हणजे ते काहीच बोलले नाहीत?" तिने विचारलं. "एकदाही नाही?"

"नाही, वहिनी," आत्या म्हणाली, आणि तिला हे सांगताना अतिशय वाईट वाटलं. गर्दीला सत्य सांगणं सोपं होतं, हिला सांगणं अवघड होतं. महिनाभर नवरा या बाईशी बोलत होता आणि आत्याने तो तिच्यापासून दुसऱ्यांदा नेला होता. "दादा गेला. मलाही त्याच्याशी बोलायचं असतं गं. पण लाइनच नाही."

वहिनी बराच वेळ रडली. आत्या तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. धाकटीने पाणी आणलं. पाणी पिऊन वहिनीने डोळे पुसले आणि मुलीकडे पाहिलं.

"लिफ्ट मधेच अडकली," ती म्हणाली, "तर आतल्या माणसांना बाहेर कसं काढता तुम्ही?"

धाकटी गोंधळली. निवड झाल्यापासून या घरात प्रश्न रोज विचारले जात होते, पण तिला कोणी एकही विचारला नव्हता. ती आईसमोर बसली आणि सांगू लागली. लिफ्ट पडत नाही, ब्रेक असतात, आधी आतल्या लोकांशी बोलायचं, घाबरू नका म्हणायचं, मग वरून चाक हाताने फिरवून मजल्यापर्यंत आणायची. सांगताना ती हातवारे करत होती आणि आई एकेक गोष्ट पुन्हा विचारत होती. ब्रेक कुठे असतो? चाक जड असतं का? तुला झेपेल का?

"झेपेल," धाकटी म्हणाली.

"मग जा," आई म्हणाली. "गाडी किती वाजताची आहे?"