छोट्या घंटेचा दोर

राजेसाहेबांनी अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांना बंडखोर ठरवल्याचं फर्मान ब्रिस्टलला पोहोचलं, आणि चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायचा हुकूम सुटला. म्हातारा ओबादिया छोट्या घंटेचा दोर धरून उभा होता, पण मेला हात काही हलेना. त्याची एकुलती एक लेक थॉमसिन तिकडेच, बॉस्टनला नांदत होती.

"ओढ की लेका! झोपलास काय?" चर्चचे कारभारी विग्मोर खेकसले.

छोटी घंटा आधी बोलायची आणि मग बाकीच्या पाच तिच्या मागून, ही इथली रीत. छोटी गप्प, तर सगळ्याच गप्प.

ओबादियाला मात्र नऊ वर्षांपूर्वीचा दिवस आठवत होता. अमेरिकेवरचा स्टॅम्पाचा कर सरकारने मागे घेतला, त्याची बातमी आली होती. काय दिवस होता तो! व्यापार पुन्हा सुरू होणार म्हणून शेठलोक रस्त्यात बिअर वाटत होते. छोटीवरचा गडी पिऊन आडवा झाला, तेव्हा थॉमसिनने बाह्या सरसावून दोर धरला. बाईमाणसाने घंटेला हात लावायचा नसतो, पण त्या दिवशी कोण कुणाला विचारतो! खालून बॉस्टनच्या एका खलाशाने मान वर करून विचारलं, "छोटीवर कोण आहे हो?" तोच पुढे जावई झाला. पोर सासरी गेल्यावर ओबादियाने आपली घंटा सोडून छोटी मागून घेतली होती.

"नाही जमायचं, साहेब. माझ्या पोरीच्या दारात फौज पाठवणार, आणि मी आनंदाच्या घंटा वाजवू?"

"मग दोर सोड. कायमचा!"

पोरीचं म्हणून त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. तरी त्याने दोर सोडला.

विग्मोरनी तावातावाने स्वतःच हिसका दिला. घंटा उलटली की हात सैल सोडायचा असतो, यांनी गच्च आवळला. साहेब दोरासकट छताकडे गेले आणि धपकन खाली आले!

"बघता काय? ओढा तुम्ही!" ते कण्हत ओरडले.

"तुमच्या मागून वर जाऊ? नको रे बाबा!" मोठ्या घंटेवरचा सायलस म्हणाला. मग त्याचं हसू ओसरलं. "ओबादिया नाही, तर मीही नाही."

त्याने दोर सोडला. त्याच्यामागून एकेकाने सोडला.

"चालते व्हा सगळे! पुन्हा तोंड दाखवू नका!"

सगळे उतरले. ओबादिया तेवढा मागे राहिला. त्याने छोटीचा दोर नीट गुंडाळून खुंटीला लावला. खुंटी त्याने खालचीच निवडली. पोर कधी आलीच, तर तिचा हात पुरायला हवा.