माझ्या मधोमध लोखंडी हात

मी जुना बाक आहे, मित्रांनो, चर्चच्या व्हरांड्यातला. जुन्या लाकडाला थोडं फुगवून सांगायची खोड असते, तेव्हा निम्मं ऐका आणि निम्मं सोडून द्या. कोणतं सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मला बनवलं लंबूनं. तो इतका उंच होता, की त्याची टोपी वाऱ्यानं उडाली तर ती जमिनीला लागेपर्यंत ऋतू बदलायचा. परगावचा सुतार. हातात हत्यारांची पिशवी, अंगात ताप, आणि एका संध्याकाळी तो आमच्या दारात कोसळला. घंटा वाजवणाऱ्याची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्याला आत घेऊन गेल्या. काकूंचा एक नेम होता. वाडगा रिकामा होईपर्यंत परक्याला नाव विचारायचं नाही. दारात प्रभू उभा असला तर त्याला काय पत्ता विचारत बसू, असं त्या म्हणायच्या. लंबूनं सूप संपवलं, आणखी मागून घेतलं, तेव्हा कुठे त्याला नाव विचारलं गेलं. ते इतकं अवघड निघालं, की काकूंनी तिथल्या तिथे त्याचा लंबू करून टाकला.

बरा झाल्यावर त्यानं मला घडवायला घेतलं. माझं माप कसं घेतलं ते ऐका, ही थाप नाही. तो फरशीवर चक्क आडवा झाला आणि डोक्यापाशी नि पायांपाशी खडूनं रेघ मारायला त्यानं पाळकांना सांगितलं. वर वीतभर लांबी जास्त ठेवली, त्याच्याहून उंच कोणी आला तर म्हणून. काम संपवून तो पुढच्या गावी निघून गेला.

माझ्यावर कोण कोण झोपलं म्हणून सांगू! घर सुटलेली बाई, वाट चुकलेला ट्रकवाला. एक जण तर इतका घोरायचा, की घंटा आपोआप वाजायची आणि काकूंच्या नवऱ्याला सुट्टी मिळायची. सकाळी काकू वाडगा घेऊन यायच्या. लोक म्हणायचे, बाक असावा तर असा.

मग काकू गेल्या. त्यांचा मुलगा चर्चचा चिटणीस झाला. तो वाईट नाही हो. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान कोणी त्याच्याशी भांडलं असतं. त्यानं मला पॉलिश केलं, पाठीवर पितळी पाटी ठोकली: ‘लंबू सुताराच्या पवित्र स्मृतीस. तो परका आला, आपला झाला.’ टाळ्या पडल्या. नंतर कुजबुज सुरू झाली. बाकाला वास येतो, लग्नाच्या फोटोत कुणाचं तरी अंथरूण दिसतं. तेव्हा चिटणीसांनी माझ्या मधोमध, खुर्चीला असतो तसा, लोखंडी हात बसवून घेतला. वयस्कर मंडळींना उठताना आधार, असं त्यांनी सभेत सांगितलं. सगळ्यांना पटलं. त्यानंतर माझ्यावर कोणी आडवं झालं नाही. आधार घेऊन उठले मात्र सगळे.

गेल्या हिवाळ्यात, रविवारच्या संध्याकाळी, आत प्रार्थना चालू असताना एक म्हातारा आला. कमरेत पार मोडलेला, नजर स्वतःच्या पावलांवर. त्यानं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला घडवताना एकदा रंधा जरा खोल गेला होता, बरोबर तिथे थांबवला. मी तिथेच ओळखलं. तो आडवा व्हायला गेला. लोखंडी हात बरगडीत रुतला. एका बाजूला मुटकुळं करून पाहिलं, तर गुडघे बाहेर. आत परक्याला थारा देण्यावर प्रवचन चाललं होतं, आणि खरं सांगतो, चांगलं चाललं होतं.

मंडळी पायऱ्या उतरली. चिटणीस कुलूप लावायला थांबले.

“आजोबा, नाव काय तुमचं? कोणाकडे आलात?”

म्हातारा पाटी वाचत होता. “हा गेला कधी?”

“बरीच वर्षं झाली असतील. देवमाणूस होता. माझ्या आईच्या हातचं जेवलाय.”

“मलाच लंबू म्हणायचे.”

चिटणीसांनी त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं आणि ते हसले. कुत्सित नव्हे, अगदी प्रेमळ हसले. म्हाताऱ्यानंही पुढे ताणलं नाही. आपण जिवंत आहोत याचा पुरावा कोण द्यायला बसतो? चिटणीस म्हणाले, थंडी वाढतेय, आता घरी जा.

“जातो. पेचकस आहे का एखादा?”

त्यासाठी कमिटीला विचारावं लागेल, असं चिटणीसांनी सांगितलं. म्हाताऱ्यानं लोखंडी हाताच्या स्क्रूवर नख फिरवलं. “पक्के बसवलेत,” तो म्हणाला. कारागिराची दाद होती ती. मग एकेक पायरी उतरून तो रस्त्याला लागला.

मी जिवाच्या आकांतानं करकरलो. चिटणीस थबकले, त्यांनी मला हलवून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, “एखादा चांगला सुतार बघायला हवा.”

तर मित्रांनो, निम्मं सोडून द्यायचं आपलं ठरलं आहे. टोपी सोडा, घोरणारा सोडा. म्हातारा सोडू नका. मला पॉलिश नको, फुलं नकोत. इकडून जाल तेव्हा खिशात एक पेचकस असू द्या.