नाळेवरचा घोट

पाचूबंदरला बोट हंगामाला पहिल्यांदा निघते, त्या सकाळी फादर पवित्र पाणी शिंपडून गेले की नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, दारूची बाटली उघडतो. थोडी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, दर्यासाठी. मग पहिला घोट तांडेलाचा, कारण सुकाणू त्याच्या हातात. तोवर तांडेलाने अन्नाला शिवायचं नाही. आताचा नाखवा एरॉल, त्याच्या आज्यापासून हे असंच चालत आलेलं.

काशीरामकाका एकवीस वर्षं या बोटीचा तांडेल. एरॉलला कमरेला दोर बांधून पाण्यात सोडलं ते त्यानेच, अंगाला लागणारा वारा ओळखायला शिकवलं तेही त्यानेच.

यंदा काकाने ग्लास ओठाला लावला आणि खाली ठेवला. "झाला मान. पोट रिकामं हाय, पोरा."

"अरे वा, तांडेल म्हातारा झाला!" एरॉल हसला, तसे खलाशी हसले, मासळीच्या लिलावाला बसलेल्या बायकाही हसल्या. "पप्पांच्या हातची गटागट प्यायचास. माझ्या हातची कडू लागते काय?"

काकाने ग्लास पुन्हा उचलला. मग प्यायला. एरॉलने पुन्हा भरला, तोही प्यायला.

भरती चढायची वाट बघत तास गेला. आणि काकाचा हात सुकाणूवरून घसरला. जीभ जड झाली. त्याने एरॉलला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारली.

"दोन ग्लासांत आउट?" कुणीतरी ओरडलं. सगळं बंदर बघत होतं. एरॉलचे कान तापले. त्याने काकाला दंडाला धरून धक्क्यावर उतरवलं, खाऱ्या पाण्याची बादली डोक्यावर ओतली. "उतरली का?" तो एका खलाशाकडे वळला. "चिराग, आजपासून सुकाणू तुझ्याकडे. दारुड्याच्या हातात बोट देनार नाय मी."

एरॉलची बायको पॉलिन खलाशांसाठी लिंबूसरबत घेऊन आली होती. तिने पदराने काकाचं कपाळ पुसलं. पुसलं तरी ते पुन्हा ओलं झालं.

"एरॉल, हे पानी नाय, घाम आहे. थंडगार पडलाय हा. ममीला असंच व्हायचं. काका, साखरेच्या आजाराची गोळी घेता?"

"सकाळीच... घेतली."

तिने घोट घोट करून सरबत पाजलं. मग तिने आणि एरॉलने त्याला रिक्षात घालून दवाखाना गाठला. बोट धक्क्यालाच राहिली.

"यकृत दारू निपटायला बसलं की साखर सोडायचं विसरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात ही गोळी साखर उतरवणारी, आणि पोट उपाशी. बघणाऱ्याला वाटतं, झिंगलाय. तसंच झोपू दिलं असतं तर उठले नसते."

"सांगितलं का नाय, काका?" एरॉलने विचारलं.

"आजारी तांडेलाला सुकाणू कोन देतो?"

तेवढ्यात काकाची बायको कृष्णाबाई धावत आली. "कोनी पाजली यांना?"

"कोनी नाय," काका म्हणाला. "मीच मागितली."

एरॉल उभा होता. तोंड उघडलं असतं तर तिथेच सुटला असता. नाही उघडलं. दिवसभर हात धुतले, तरी तळव्याला बाटलीचा वास येत राहिला. भाकरी मोडली तरी तोच वास.

दुसऱ्या दिवशी काका बोटीवरचं आपलं कांबळं न्यायला आला, परक्याच्या दारात यावं तसा. कृष्णाबाई मागे.

"आले, टाइट तांडेल!" मागून कोणी म्हणालं.

एरॉल बर्फाच्या पेटीवर चढला. "ऐका सगळे. काका नको म्हनत होता. मी चिडवून पाजली. तो प्यालेला नव्हता, मरत होता. साखरेची गोळी चालू आहे त्याला. आणि मी त्याच्या डोक्यावर बादली ओतली. काकू, यांनी मागितली नव्हती."

कोणी हसलं नाही. एका बाईने हातातली सुरमई परत टोपलीत ठेवली.

काका मान खाली घालून म्हणाला, "माझी गोळी तू गावभर केलीस, पोरा."

एरॉलला वाटलं, धक्का दुभंगावा. हेही चुकलं होतं. "चिराग," तो कसाबसा म्हणाला, "सुकाणू सोड."

काकाने कांबळं हातात धरलं, मग होतं तिथेच ठेवलं.

"न्याहारी करून येतो," तो म्हणाला, आणि कृष्णाबाईबरोबर घराकडे वळला.

भरती ओसरू लागली. बाकीच्या बोटी सुटल्या. एरॉलने दोर सोडला नाही.